ओल्या हवेचं खातं

आमची पहाट भोंग्यानं व्हायची. गिरणीच्या चाळीत कोंबड्या पाळायला बंदी होती, पिसं उडून सुतात जातात म्हणून. त्यामुळं कोंबड्याचं आरवणं मी फक्त आजोळी ऐकलं. भोंगा वाजला की माय चुलीपुढं बसायची, भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या आवाजाखाली, जमिनीतून वर येत असल्यासारखी, गिरणीची घरघर चालू असायची. ती आम्हाला ऐकू यायची नाही. वीज गेली आणि ती थांबली म्हणजे मात्र चाळीतली तान्ही पोरं दचकून उठायची.

घाटनांदूर मागं टाकून पुढं गेलं की उघडा माळ लागतो. त्या माळावर, भागातल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभी केलेली ही सहकारी सूतगिरणी होती. तिचं नाव मी इथं घेत नाही. ती आता नाही, आणि नाव निघालं की अजून माणसं भांडायला उठतात. माझे वडील, आप्पा, तिथं कामाला होते. त्यांच्या खात्याला कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण चाळीत त्याला ओल्या हवेचं खातं म्हणत. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून गिरणीत हवा सतत ओली ठेवावी लागते. मुख्य शेडच्या मागं एक उंच सिमेंटची खोली होती. तिच्यात शेकडो बारीक तोंडांतून पाण्याचे फवारे उडायचे, आणि एक भला मोठा पंखा ती ओली हवा खेचून जमिनीखालच्या बोगद्यांतून आत ढकलायचा. मराठवाड्याच्या त्या भाजक्या माळावर, चार भिंतींच्या आत, बारा महिने श्रावण चालू असायचा. पंप, फवारे, पंखा हे सगळं आप्पांच्या ताब्यात. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ओल्या भिंतीचा वास यायचा. माय म्हणायची, "आलं बघ माझं पावसाळी माणूस."

आप्पा आयटीआय झालेले. आम्ही बौद्ध. आजोबा गावकीची कामं करत मेले, आणि आप्पांच्या हातात पाना आला. मशीनला कोण कुणाचा ते कळत नाही, एवढंच ते एकदा मला म्हणाले होते, आणि ते म्हणताना पंपाच्या अंगावर हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा.

त्या खोलीच्या मागं एक अरुंद बोळ होती. पंख्याची थोडी हवा तिथं गळायची, त्यामुळं भर उन्हाळ्यातही बोळीत गार वाटायचं. ती माझी आणि शांताची जागा. शांता लिंबाजीकाकांची मुलगी. लिंबाजीकाका कापूस पिंजायच्या खात्यात होते, पण त्यांचं घर चाळीत नव्हतं, गावात होतं. शाळा सुटली की शांता माझ्याबरोबर गिरणीवर यायची आणि आम्ही कचऱ्याच्या ढिगातून तुटक्या सुताचे गुंते उचलून आणायचो. एकदा आम्ही ते सूत सोडवून, बोळीच्या वरच्या गजांना एकेक धागा बांधत गेलो. किती दिवस बांधत होतो आठवत नाही. शांताची बोटं माझ्यापेक्षा बारीक, गाठी तीच मारायची. सगळी बोळ धाग्यांनी भरली. गळक्या हवेनं त्या धाग्यांवर दव धरलं, थेंब जमले, आणि पंखा वेग घ्यायचा तेव्हा ते सगळं एकदम हलायचं आणि आमच्या अंगावर तुषार पडायचे. पाळी सुटल्यावर कामगार बायका बघायला यायच्या. आप्पाही आले. कडेला उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हवेला अंग आलं की गं."

मी आज जे काम करते त्याला काय म्हणावं हे मला अजून धड सांगता येत नाही. सूत, माती, पंप, पंखे, आवाज, कधी हलती चित्रं. प्रदर्शनाच्या पत्रकांत लोक मोठमोठे शब्द लिहितात: निसर्ग, तंत्रज्ञान, निर्मिती, विनाश. मी वाचते आणि मला शांताची गाठ मारणारी बोटं दिसतात. तिच्याकडून मी काम शिकले असं कुठल्या पत्रकात लिहिणार?

पाऊस एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, आणि तिसऱ्या वर्षी झालाच नाही. घरातलं खाणं हळूहळू बदललं. आधी ताक गेलं, मग भाजी गेली. माय येसराची, भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी करायची, ती दिवसेंदिवस पातळ होत गेली, शेवटी ताटात नुसतं तांबडं पाणी दिसायचं. कधी हुलग्याचं माडगं, कधी वाळवून ठेवलेला शेवग्याचा पाला तव्यावर परतून. भाकरी मात्र होती, कारण गिरणी चालू होती. कापूस लांबून ट्रकनं यायचा, तोही कमी कमी होत चाललेला. गिरणीची विहीर ओढ्याच्या पात्रात होती, खोल खोदलेली आणि तळाला सुरुंगानं फोडलेली. आसपासच्या विहिरी तळाला गेल्या तरी तिला पाणी होतं, आणि तिचं जवळजवळ सगळं पाणी हवेत उडवलं जात होतं. पंखा चालू असताना बोळीत उभं राहिलं की ओठांवर पाणी बसायचं. तेच पाणी चाटत मी गावाकडून घागरी घेऊन येणाऱ्या बाया बघायची.

चाळीला दर घरामागं मोजकं पाणी मिळायचं. ते गावात द्यायचं नाही असा ऑफिसचा हुकूम होता. माय द्यायची. शेणाच्या पाटीत तांब्या ठेवून, वर गोवऱ्या रचून ती कुंपणाशी जायची आणि शांताच्या आईच्या कळशीत ओतायची. माझ्या आजीला त्याच गावच्या आडावर चढायची मुभा नव्हती, कुणी वरून ओतलं तरच तिची घागर भरायची. मी मायला एकदा विचारलं की तुला राग येत नाही का. ती म्हणाली, "येतो की. राग आला म्हून पानी द्यायचं थांबवू का?" आणि मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता, स्वतःशीच बोलल्यासारखं, "सासूबाई आसत्या तर लई हसल्या आसत्या."

पुढं ऑफिसनं कुंपणाला पहारा बसवला. तेव्हापासून शांताचं शाळेला येणं बंद झालं. ती आईबरोबर आडावर जायची. आड कोरडा पडला होता. तळाशी एका अंगाला पाणी पाझरायचं, तिथं पायऱ्या नसलेल्या भिंतीवरून हलक्या अंगाच्या पोरी दोर धरून उतरायच्या आणि वाटीनं घागर भरायच्या. एका सकाळी शांता खाली असताना आडाची एक बाजू ढासळली. तिला वर काढलं तेव्हा मी तिथं नव्हते. मला शाळेत कळलं. मी धावत गेले तेव्हा अंगणात तिच्यावर पांढरं लुगडं टाकलं होतं आणि तिचा एक हात बाहेर राहिला होता. बोटांत माती गच्च भरली होती. लिंबाजीकाका भिंतीला टेकून बसले होते. ते रडत नव्हते. माझ्याकडं बघून म्हणाले, "आलीस? तुझी मैतरीन झोपलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी आप्पांची भाकरी घेऊन ओल्या हवेच्या खात्यावर गेले. शाळेत जायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि कुणी काही बोललं नव्हतं. आप्पा पंपाजवळ उभे होते. गेटाच्या बाहेर गावातल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या रोजच असायच्या, पण त्या दिवशी त्या ओरडत नव्हत्या, भांडत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. विहिरीकडून आलेल्या पाइपाला तिथं दोन फाटे फुटत होते. एक फवाऱ्यांना जायचा, दुसरा गेटाबाहेरच्या जुन्या हौदाला. तो हौद बैलगाड्यांच्या काळातला, कित्येक दिवस त्यात थेंब पडला नव्हता. आप्पांनी माझ्या हातातून भाकरीचं फडकं घेतलं, कठड्यावर ठेवलं, आणि हौदाच्या बाजूचा व्हॉल्व्ह फिरवायला लागले. तो गंजला होता. त्यांनी दोन्ही हात लावले, पाय पाइपाला लावून जोर केला. तो सुटला तेव्हा पाइपात गुरगुर झाली आणि बाहेर बायांचा एकदम कालवा उठला. मग त्यांनी फवाऱ्यांचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक पान्यानं सोडवून काढलं आणि मांडीवर घेऊन खाली बसले.

फवारे आधी बारीक झाले, मग टपटपले, मग थांबले. पंखा चालूच होता, पण आता तो कोरडी हवा ढकलत होता. आत काय होतंय ते मला आवाजावरून कळलं. गिरणीची घरघर एका सुरातली असते, तिच्यात खरखर मिसळायला लागली. धागे तुटत होते. आधी एका रांगेत, मग सगळीकडं. जोडायला बाया धावत होत्या आणि एक जोडेपर्यंत दहा तुटत होते. युसूफभाई धावत आले. ते जॉबर, म्हणजे पाळीचे मुकादम, आणि आप्पांचे सगळ्यात जवळचे मित्र. ईदला शिरखुर्मा त्यांच्या घरून पहिला आमच्याकडं यायचा. त्यांच्या केसांवर कापसाची तुसं बसली होती.

"सोपान, क्या हुआ? पंप गेला का?"

"पंप चांगला हाय."

युसूफभाईंनी मांडीवरचं चाक बघितलं. "याडा झालास का बे? आत समदा माल तुटायलाय. फिरव त्ये."

"न्हाई फिरवत."

"आरं, मॅनेजर येतोय. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"तुझी एकट्याची न्हाई जायची, सोपान." युसूफभाई खाली बसले, आवाज उतरला. "कापूस येत न्हाई. तिकडं वर काय काय चाललंय त्ये तुलाबी ठावं हाय. गिरणी कशीबशी उभी हाय बे. तू तिला धक्का देऊ नको."

आप्पांनी मांडीवरचं चाक घट्ट धरलं. मग म्हणाले, "काल त्या पोरीची बोटं बघितलीस का तू?"

युसूफभाई उठून उभे राहिले, पण गेले नाहीत. मॅनेजर आला, त्याच्या मागं पाच-पंचवीस कामगार. कुणी आप्पांच्या हातातून चाक ओढायला पुढं झालं तेव्हा युसूफभाईच मध्ये आले. तोवर आत एकेक मशीन थांबवत आणलं होतं. शेवटची घरघर थांबली आणि माळावर मी जन्मात ऐकली नव्हती एवढी शांतता झाली. त्या शांततेत हौदात पडणारं पाणी आणि बायांच्या घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. मला त्या क्षणी आप्पांचा फार अभिमान वाटला.

दुपारी गिरणीचे चेअरमनसाहेब जीपमधून आले. सगळ्यांना वाटलं आता आप्पांना धरून नेतील. साहेबांनी हौदाजवळची गर्दी बघितली, खाली उतरले, एका म्हातारीच्या घागरीला स्वतः हात लावून ती तिच्या डोक्यावर ठेवली आणि कठड्यावर चढून मोठ्यानं म्हणाले, "पाण्यावर पहिला हक्क माणसाचा. गिरणी बंद राहिली तरी चालंल, पण माझ्या गावाची लेकरं तहानेनं मरू देणार न्हाई." बायांनी त्यांना ओवाळलं. कुणीतरी हार आणला, त्या दिवसांत फुलं कुठून मिळाली कोण जाणे. आप्पा गर्दीच्या मागं उभे होते. साहेब जाताना त्यांच्याजवळ थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "चांगलं केलंस मिस्त्री. मोठं काम केलंस."

दुसऱ्या दिवशी गेटावर नोटीस लागली. पाणीटंचाईमुळे गिरणी बेमुदत बंद. आत काय कुजलं होतं, वरच्यांनी गिरणीचा किती पैसा खाल्ला होता, ते पुढं बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं. त्यांना गिरणी बंद करायला एक निमित्त हवं होतं आणि आप्पांनी ते दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं होतं. तेव्हा हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की सोपान मिस्त्रीनं व्हॉल्व्ह फिरवला आणि गिरणी थांबली. विहीर तरी किती पुरणार? सगळी पंचक्रोशी तिच्यावर आली. महिना व्हायच्या आत पंप चिखल ओढायला लागला आणि मग तोही थांबला. आता पाणीही नव्हतं आणि कामही नव्हतं.

चाळ रिकामी व्हायला लागली. कुणी भिवंडीला, कुणी कोयता घेऊन उसाच्या फडांवर. युसूफभाई मालेगावला भावाकडं गेले, जाताना आमच्या दारावरून गेले आणि आत आले नाहीत. मी एकदा बोळीत गेले. धागे वाळून काथ्यासारखे ताठ झाले होते, त्यांच्यावर धूळ बसली होती, हात लावला की मोडत होते. मी ते तसेच सोडून आले.

एका दुपारी लिंबाजीकाका आले. मायनं त्यांना पाट दिला, ते बसले नाहीत. आप्पा बाहेर आले.

"सोपान, समदे म्हणत्यात तू पानी सोडलंस त्ये माझ्या शांतेसाठी."

"व्हय, दादा."

"तिचं नाव घेऊ नको त्यात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ती गेली. तिला पानी नको आता. माझी अजून दोन लेकरं हायेत. माझ्या हाताला काम होतं, त्ये तू घेतलंस. त्येंला काय घालू मी? सांग. तुला कुनी सांगितलतं माझ्या लेकीसाठी कायबी करायला?"

आप्पा खाली बघत उभे राहिले. लिंबाजीकाका पायातली चप्पल नीट करून निघून गेले. माय दारात होती. तिनं पाट उचलला आणि आत नेऊन भिंतीला उभा केला. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही, आणि आम्हीही खायला मागितलं नाही.

आम्ही इचलकरंजीला गेलो. तिथं यंत्रमागांच्या एका शेडवर आप्पांना पहारेकऱ्याचं काम मिळालं. त्यांनी पुन्हा पाना हातात धरला नाही. शेडमधलं मशीन बिघडलं, मालक म्हणाला की तू तर मिस्त्री आहेस, तरी ते उठले नाहीत. मी तिथल्या शाळेतून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, पुढं पुण्याला शिकायला आले, आणि सूत आणि हवा आणि पाणी यांच्याशीच माझं काम जडून राहिलं. मुलाखतींत लोक विचारायचे की हे कुठून येतं. मी आप्पांची गोष्ट सांगायची. एक माणूस यंत्र थांबवतो आणि माणसांना पाणी देतो. ऐकणारे ती वहीत लिहून घ्यायचे. या एका गोष्टीवर मी माझं सगळं उभं केलं असं म्हटलं तरी चालेल.

आप्पा शेवटची वर्षं माझ्याकडं होते. माय आधीच गेली होती. एका मोठ्या प्रदर्शनाची तयारी चालली होती, आणि प्रवेशाजवळच्या भिंतीवर आप्पांविषयी चार ओळी रंगवून झाल्या होत्या. सकाळची वेळ होती, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मनात आलं, विचारावं. इतक्या वर्षांत त्या दिवसाविषयी आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

"आप्पा, पुन्हा तशी वेळ आली तर?"

"कशाची?"

"व्हॉल्व्हची."

ते छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई फिरवनार."

"कावून?" माझ्या तोंडून गावाकडचाच शब्द गेला.

"पानी किती पुरलं? आन लिंबाजी, युसूफ, समदी कुठं कुठं गेली. लिंबाजीचं थोरलं पोरगं फडावर गाडीखाली गेलं, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी, कधी सांगितलं होतं, तेही ठाऊक नव्हतं.

"गिरणी बंद पडणारच होती, आप्पा. सगळं नंतर बाहेर आलं की. त्यांनी आधीच ठरवलं होतं."

"पडली आसती," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातानं पडली आसती."

मग त्यांनी कूस बदलली आणि पाय माझ्या हातातून सोडवून घेतले. मी तेलाची वाटी झाकून ठेवली. थोड्या वेळानं उठले, हात धुतले, आणि दालनातल्या मुलीला फोन लावला. भिंतीवरच्या त्या चार ओळी पुसून टाक म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, मग तिथं काय लिहायचं? मी म्हटलं, काही नको. ती म्हणाली, पण ताई, रंगाचा डाग राहील. मी म्हटलं, राहू दे.